किल्ली कुणाकडे ठेवायची?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

'मोठ्या शहरांजवळच्या जुन्या, लहान गावात राहण्यात काय गोडी आहे' या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं. मी लगेच हो म्हटलं आणि मग विचारात पडलो. मी राहतो नाशिकरोडला. जन्मापासून तिथंच आहे. पण नाशिकरोडला जुनं गाव म्हणावं का, आणि मुळात गाव तरी म्हणावं का, याबद्दल खुद्द नाशिककरांनाच शंका आहे. नाशिक म्हणजे गोदावरी, पंचवटी, काळाराम, रामकुंड. नाशिकरोड म्हणजे त्या नाशिकला जाण्यासाठी जिथं गाडीतून उतरायचं ते स्टेशन. आमच्या नावातच 'रोड' आहे. बाहेरगावी कुणी विचारलं, 'कुठले तुम्ही?' तर आम्ही 'नाशिकचे' म्हणून मोकळे होतो. नाशकात कुणी विचारलं तर 'नाशिकरोडचे' म्हणतो. मग समोरचा म्हणतो, 'अरे, म्हणजे लांबून आलात!' अंतर नऊ-दहा किलोमीटर.

स्टेशनाची गोष्ट आधी सांगतो, कारण आमचं सगळं गाव त्या स्टेशनातून निघालं आहे. १८६५ च्या जानेवारीत थळ घाटातला रेल्वेमार्ग खुला झाला आणि मुंबईची गाडी घाट चढून थेट वर येऊ लागली. रूळ मात्र गोदाकाठच्या नाशिकपर्यंत गेले नाहीत. ते दक्षिणेकडूनच मनमाड-भुसावळच्या दिशेनं निघून गेले. यात्रेकरूंनी इथं उतरायचं आणि पुढं टांगा किंवा बैलगाडी करायची. १८८९ मध्ये स्टेशनापासून नाशिकच्या मेनरोडपर्यंत ट्राम सुरू झाली. विजेची नव्हे, घोड्यांची. दोन डबे आणि ओढायला चार घोडे. मधला बराचसा भाग तेव्हा रान होता. दुष्काळ आणि प्लेग यांच्या तडाख्यात ती तोट्यात गेली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. आज सिटिलिंकची बस द्वारक्याच्या सिग्नलवर अडकून उभी राहते तेव्हा वाटतं, घोडे काही फार मागे नव्हते.

स्टेशन झालं आणि सरकारला ही जागा सोयीची वाटू लागली. शेजारी देवळालीला लष्कराचा तळ होताच. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सोल्जर तिथं महिनोन्‌महिने पडून राहत, आणि उन्हानं, तापानं, कंटाळ्यानं त्यांच्या डोक्यावर परिणाम होई. त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसाला 'डूलाली' म्हणायची पद्धत पडली. देवळालीनं जगाला दिलेला हा शब्द! मग १९२५ च्या सुमारास इथं सिक्युरिटी प्रेस आली. त्याआधी हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनमध्ये छापून बोटीनं येत असत. ती इथं छापली जाऊ लागली. १९२८ मध्ये शेजारी करन्सी नोट प्रेस उभी राहिली आणि पाच रुपयांची नोट इथून बाहेर पडली. मध्यवर्ती कारागृह आलं, त्याच्या नावानं जेलरोड झाला. १९७० च्या सुमारास एकलहऱ्याचं वीजकेंद्र आलं. दंतमंजनाच्या धंद्यात नाव काढलेल्या बिटको घराण्यानं मुक्तिधामचं पांढरंशुभ्र संगमरवरी मंदिर बांधलं. त्यांच्या नावानं आमच्याकडे चौक आहे, दवाखाना आहे, कॉलेज आहे. दंतमंजनाचं नाव चौकाला लागलेलं दुसरं गाव मला तरी माहीत नाही.

आता ऐतिहासिक गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पडका वाडा, बुरूज, पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आणि पाटीखाली सिगरेट ओढणारे दोन कॉलेजकुमार. तसं आमच्याकडे काही नाही. आमचा इतिहास अजून निवृत्त झालेला नाही. तो रोज पाळीवर जातो. श्रोतेहो, तुमच्या घरात पासपोर्ट असेल तर त्याचं पुस्तक आमच्याकडे छापलेलं आहे. तुमच्या खिशातल्या नोटांपैकी एखादी तरी बहुधा आमच्या गावचीच असेल. २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा प्रेसमधल्या माणसांनी सुट्ट्या सोडून, जादा वेळ थांबून नोटा छापल्या. गांधीनगरकडे लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांना शिकवणारी शाळा २००३ पासून आहे. सकाळी चहा पिताना डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं तर आमच्याकडे लहान पोरसुद्धा वर बघत नाही.

आणि तो जेल. १९३२-३३ मध्ये जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, ना. ग. गोरे असे तरुण नाशिकच्या तुरुंगात एकत्र होते. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तिथल्या चर्चांतून पुढं आली. १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी 'श्यामची आई' याच तुरुंगात लिहून काढलं, तेही मोजक्या दिवसांत. मी सहावीत असताना ते पुस्तक शाळेच्या पेटीतून घरी आणलं. अम्मीला मराठी बोलता येई, वाचता येत नसे. मी मोठ्यानं वाचायचो आणि ती भाकरी थापता थापता ऐकायची. मध्येच पदरानं डोळे पुसायची. एक दिवस तिनं विचारलं, 'ही बाई कुठल्या गावची?' मी म्हटलं, 'कोकणातली. पण पुस्तक आपल्या जेलरोडवर लिहिलंय.' तिचा हात थांबला. 'इथं?' म्हणाली. नंतर भाजी घ्यायला जेलरोडला गेलो की त्या भिंतीजवळून जाताना ती गप्प व्हायची. आता त्या तुरुंगातले कैदी शाडूच्या गणेशमूर्ती करतात. श्रावणापासून लोक चौकशी करू लागतात.

पण विषय आहे राहण्याचा. इतिहास पाहायला एक दिवस पुरतो, राहायला दुसरं काहीतरी लागतं. ते काय, हे मी माझ्या घरावरूनच सांगू शकतो.

माझे अब्बा सिन्नरचे. घरात विड्या वळण्याचं काम चाले. १९६० नंतर ते प्रेसमध्ये लागले आणि काही वर्षांनी त्यांना नेहरूनगरला क्वार्टर मिळालं. माझं बालपण तिथं गेलं. क्वार्टर मिळायचं ते नोकरी किती वर्षांची आणि पगाराचा टप्पा कोणता, यावर. नंबर लागला की चावी हातात. शेजारी कोण असावं हे निवडायची सोय ना आम्हाला होती, ना शेजाऱ्याला. त्यामुळे आमच्या जिन्यावर कोण होतं? समोर मदुराईकडचं तमिळ कुटुंब. खाली खानदेशातले लेवा पाटील. वर कोकणातले एक काका, शेजारी निफाडकडचं बौद्ध कुटुंब आणि आम्ही. यातल्या कुणीही एरवी, आपणहून, एकमेकांच्या शेजारी घर घेतलं असतं असं मला वाटत नाही. तो काळ काही सगळ्यांच्या मनात समता भरून वाहत असण्याचा नव्हता. सुरुवातीला कुणी कुणाकडचं पाणी पीत नसे, हेही मी ऐकलेलं आहे. पण सरकारी यादीनं त्यांना एका जिन्यात आणून सोडलं आणि नळाला पाणी यायचं पहाटे. ज्याची रात्रपाळी त्याच्या घरचे हंडे भरायचे कुणी? सकाळपाळीवाल्याच्या बायकोनं. आणि रात्रपाळी उलटली की उलट.

ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ यांच्या देवाणघेवाणीबद्दल भाषणांत फार बोललं जातं. आमच्याकडेही ती होती. पण ती वर्षातून दोनदा. हंड्यांची देवाणघेवाण रोजची होती. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे किल्ली. आम्ही सिन्नरला लग्नाला निघालो की अम्मी कुलूप लावायची आणि किल्ली समोरच्या तमिळ मावशींच्या हातात द्यायची. मावशी मदुराईला गेल्या की त्यांची किल्ली आमच्या खुंटीवर. त्यांच्या घरात देवाजवळ रोज दिवा लागला पाहिजे म्हणून अम्मी खालच्या पाटीलकाकूंना उठवायची, स्वतः दार उघडून द्यायची आणि बाहेर उभी राहायची. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. आपापसात ठरून गेलं होतं.

म्हणून लहान गावाची गोडी म्हणजे शांतता, मोकळी हवा, स्वस्त भाजी असं कुणी म्हणालं की मला ते अर्धंच वाटतं. एकलहऱ्याच्या चिमण्या आणि पुणे हायवे असल्यावर हवेबद्दल आम्ही फार बढाई मारू नये. माझ्या मते गोडी आहे ती ओळखीत. आपलं नाव कळण्याआधी आपण कोण हे चार लोकांना माहीत असतं, यात. आणि नाशिकरोडला ही ओळख आपोआप आली नाही. ती प्रेसनं, रेल्वेनं, लष्करानं, वीजकेंद्रानं ठिकठिकाणची माणसं एकत्र आणून टाकली म्हणून आली. इथं मूळचं असं फारसं कुणीच नव्हतं. देवळालीगाव, विहितगाव, चेहेडी या जुन्या गावांतली माणसं सोडली, तर जो तो स्टेशनावर उतरलेला.

ओळखीची किंमत मला कळली ती गाव सोडायची वेळ आली तेव्हा. बिटको कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झालो. कविता करत होतो, पण कवितेवर रेशन मिळत नाही. १९९१ मध्ये मुंबईत एका छापखान्यात मुद्रितशोधकाची नोकरी लागली. नाशिकरोड ते मुंबई १८७ किलोमीटर. सकाळी सातच्या सुमारास पंचवटी एक्स्प्रेस, रात्री त्याच गाडीनं परत. ही गाडी १९७५ पासून आमच्या भागातल्या हजारो घरांची चूल पेटवते आहे. कसाऱ्याच्या घाटात मागून बँकर इंजिनं लागायची, गाडी चढायची, आणि इगतपुरीला गार वारा लागला की अर्धा डबा झोपलेला असायचा. पुढं याच गाडीच्या पासधारकांनी एक 'आदर्श डबा' करून स्वच्छतेचे आणि शांततेचे नियम स्वतःवर घालून घेतले, त्याची बरीच वाहवा झाली. ती योग्यच होती. पण पासधारकाचं आयुष्य वाहवा करण्यासारखं नसतं. दिवसाचे सात-आठ तास प्रवासात जातात. घरी आलं की ताट झाकून ठेवलेलं. माझी मुलगी चार वर्षांची होईपर्यंत मला ती बहुतेक झोपलेलीच माहीत होती. शहराजवळ राहण्याची ही किंमत आहे आणि घरांच्या जाहिरातीत ती छापत नाहीत.

तर १९९४ मध्ये मी ठरवलं, पुरे झालं. मुंबईतच भाड्यानं घर घ्यायचं. एका उपनगरात दलालानं जागा दाखवली. खोली बरी होती, भाडं ठरलं. तो म्हणाला, 'नाव लिहून द्या.' मी लिहून दिलं. त्यानं ते वाचलं, आणि त्याच क्षणी त्याला आठवलं की घरमालकाचा पुतण्या गावाहून राहायला येणार आहे. मी म्हटलं, ठीक आहे. दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथंही पुतण्या निघाला. दोन महिन्यांत मला असे चार पुतणे भेटले. दिवस तसे होते. दंगलींना दीड-दोन वर्षंच झाली होती. आमच्या लोकांच्या वस्तीत जागा मिळाली असती. मित्र म्हणालेही, 'चल तिकडे, कटकट नको.' पण मी जिन्यावर तमिळ मावशी असलेल्या घरात वाढलो होतो. फक्त आपल्यासारख्यांत राहायचं, हे मला जमेना. शिवाय मुंबईत जो भेटेल तो म्हणायचा, 'अरे वा, तुम्ही मराठी किती छान बोलता!' यात वाईट हेतू नसतो, हे मला कळतं. पण नाशिकरोडला आजवर एकानंही मला असं म्हटलेलं नाही. मी दुसरी कुठली भाषा बोलावी अशी तिथं कुणाची अपेक्षाच नव्हती.

घर घेतलं नाही. आणखी दहा वर्षं पंचवटीनं गेलो-आलो. २००४ मध्ये नोकरी सोडली आणि बिटको चौकाजवळ अक्षरजुळणीचं छोटं दुकान टाकलं. एक संगणक, एक प्रिंटर आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, श्रद्धांजलीच्या जाहिराती, अर्ज, भाडेकरार, शाळेच्या प्रश्नपत्रिका. कवीला याहून चांगला धंदा मिळणार नाही. वीस वर्षांत मी शुभविवाह जुळवले, मंगल परिणय जुळवले, निकाह जुळवले, चर्चमधली लग्नंही जुळवली. अक्षरांत, बरं का. कुणाच्या घरात कोण कुणावर रुसलंय आणि म्हणून कुणाचं नाव 'निमंत्रक'मध्ये खाली सरकवायचं, हे आईबापाच्या आधी मला कळतं. पत्रिका आता बऱ्याचशा मोबाइलवरच जातात, त्यामुळे छपाई कमी झाली. पण मजकूर लिहून घ्यायला लोक अजून येतात. 'चार ओळी तुमच्या टाका' म्हणतात. माझ्या कवितासंग्रहाला जेवढे वाचक मिळाले नाहीत तेवढे त्या चार ओळींना मिळाले आहेत.

आणि शहर जवळ असल्याचा फायदा? आहे की! नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. कॉलेजात असताना मी एसटीच्या बसनं तिथं जायचो, दोन पुस्तकं घेऊन परत यायचो. मे महिन्यात गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेला जायचो. कुसुमाग्रज नाशकात होते. त्यांच्या घराचं दार नवशिक्या कवीलाही उघडं असे. आमच्या बाजूला विहितगावात बाबूराव बागूल जन्मले, आणि वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. म्हणजे लिहू पाहणाऱ्या पोराला बसच्या तिकिटाएवढ्या अंतरावर सगळं होतं. शहरातून घ्यायचं ते घ्यायचं आणि रात्री आपल्या जिन्यावर परत यायचं.

आता दुसरी बाजू. ती माझी मुलगीच मांडते, त्यामुळे मला ती टाळता येत नाही. ती पुण्याला नोकरी करते. नाशिक-पुणे रेल्वेची चर्चा ऐकत माझे केस पिकले, तिचेही पिकतील. तोवर दोनशे किलोमीटर बसनं. ती म्हणते, 'अब्बू, तुम्हाला जी ओळख वाटते ना, ती आम्हा मुलींना पाळत वाटते. मी कॉलेजात असताना कुणाबरोबर चहा प्यायले हे मी घरी पोचायच्या आत तुम्हाला कळायचं. पुण्यात मला कुणी ओळखत नाही. किती बरं वाटतं!' यावर माझ्याकडे सरळ उत्तर नाही. तिचं म्हणणं खरं आहे. बातमी आणणारे लोक तेच होते, जे रात्री-अपरात्री दवाखान्यात आमच्याबरोबर बसले. ओळखीचा हा हात घेऊ आणि तो नको, असं करता येत नाही. एवढं मात्र झालं, की पुण्यात घर शोधताना तिलाही ते पुतणे भेटले. तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा ती हसत होती. मी हसलो नाही.

श्रोतेहो, आतापर्यंत मी जे सांगितलं त्यातलं पुष्कळसं क्वार्टरच्या काळातलं आहे. आमचं गाव आता बदलतंय. १९८२ पर्यंत नाशिकरोड-देवळालीची स्वतःची नगरपालिका होती. त्या वर्षी नाशिक महानगरपालिका झाली आणि आमची पालिका तिच्यात विरघळली. गटार तुंबलं तर कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं हे पूर्वी माहीत असे. आता विभागीय कार्यालयात अर्ज द्यायचा. नाशिक शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १५ लाखांच्या घरात गेली होती. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यामुळे मुंबई आणखी जवळ आली. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते उकरले जात आहेत. प्रेसमध्ये नवी यंत्रं आली, माणसं कमी लागतात, भरती पूर्वीसारखी नाही. जुने बंगले पडतात आणि सात-सात मजली इमारती उभ्या राहतात. इमारतींना माझा विरोध नाही. त्यांच्या वास्तुशांतीच्या पत्रिका मीच करतो.

पण गेल्या वर्षी एक तरुण मुलगा दुकानात आला. बाहेरगावचा, सिन्नरच्या एमआयडीसीत इंजिनीअर. भाडेकराराचा मसुदा टाइप करून घेऊन गेला. पानभर माहिती भरली, नाव लिहिलं. नाव आमच्यातलं होतं. दोन दिवसांनी परत आला आणि म्हणाला, 'काका, तो करार रद्द करा. घरमालकाचा पुतण्या येतोय म्हणे.' मी खुर्चीतून उठलोच. हा पुतण्या तीस वर्षांनी आमच्या गावात येऊन पोचला होता!

घरमालक माझ्या ओळखीचे. त्यांच्या मुलीची लग्नपत्रिका माझ्याच दुकानातली. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा ठेवायला सांगितला, खुर्ची पुढं ओढली. मी विषय काढल्यावर ते खरोखरच ओशाळले. म्हणाले, 'तुमची गोष्ट वेगळी आहे हो. तुम्ही ओळखीचे.' मी म्हटलं, 'तोही राहायला आला की ओळखीचाच होईल. मी काय जन्मतःच तुमच्या ओळखीचा होतो?' ते म्हणाले, 'माझं काही नाही, सोसायटीत बाकीचे लोक...' आणि पुढं बोलले नाहीत. मीही ताणलं नाही. चहा पिऊन आलो. त्या मुलाला ते घर मिळालं नाही. दुसरं मिळालं, जेलरोडला, प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या घराचा वरचा मजला. त्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला, 'रात्रपाळी असते का? दिवसा झोपणार असशील तर नातवाला गच्चीत क्रिकेट खेळू देणार नाही.'

त्या दिवसापासून 'तुम्ही ओळखीचे' हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ते प्रेमानं म्हटलेलं होतं. पण त्याचा अर्थ असा, की जुन्या ओळखीवर आम्ही जुने लोक निभावून नेतो, नव्या माणसाला मात्र ती मिळत नाही. आमच्या पिढीची ओळख प्रेसच्या यादीनं करून दिली होती. आता यादी नाही. आता प्रत्येक जण शेजार निवडून घेतो. आणि निवडायला मिळालं की माणूस आपल्यासारखाच शेजारी निवडतो. मग गाव मोठ्या शहराजवळ असो की दूर, त्याला इतिहास असो वा नसो, तिथं आणि मुंबईच्या त्या उपनगरात फरक राहत नाही. आमच्या गावाचं जे जाऊ शकतं ते हे आहे. शांतता गेली तर खिडक्या लावून घेता येतील.

म्हणून मोठ्या शहराजवळच्या जुन्या गावात घर घ्यायला निघालेल्यांना माझं सांगणं आहे. आणि आता असे बरेच जण आहेत. कुणाला निवृत्तीनंतर यायचं आहे, कुणाचं कामच घरून चालतं. तुम्ही बांधकाम व्यावसायिकाला पाणी विचाराल, पार्किंग विचाराल, स्टेशन किती मिनिटांवर हे विचाराल. जरूर विचारा. त्याबरोबर स्वतःला एक प्रश्न विचारा. बाहेरगावी जाताना घराची किल्ली इथं कुणाकडे ठेवता येईल? उत्तर लगेच नाही मिळालं तरी बिघडत नाही. आमच्या अम्मीलाही पहिल्या वर्षी ते मिळालं नव्हतं. तमिळ मावशींना मराठी येत नव्हतं आणि अम्मीला तमिळ. दोघींनी हंड्यांपासून सुरुवात केली.

आणि आम्ही जे इथले जुने आहोत, त्यांनीही एक करावं. नवं बिऱ्हाड आलं, सामानाचा टेंपो खाली उभा राहिला, की दाराच्या भिंगातून बघत बसू नये. दार उघडावं, चहाचं विचारावं, पाणी किती वाजता येतं ते सांगावं. नाव नंतर विचारलं तरी चालतं.